आठशे वीस ग्रॅम

पाठ मोजायची तर आधी माणसाला मान खाली घालायला सांगावं लागतं. मान झुकली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथे टेपचं एक टोक धरायचं. मग दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते तिथे टेपचं दुसरं टोक. या अंतराला आम्ही पाठीची लांबी म्हणतो आणि सॅक त्या मापाची घ्यायची असते, माणसाच्या उंचीची नाही. सहा फुटांहून उंच माणसाची पाठ त्रेचाळीस सेंटिमीटर निघालेली मी पाहिली आहे, आणि माझ्या खांद्याला लागणाऱ्या एका बाईंची एक्कावन्न.

म्युनिकमधल्या डोंगर-सामानाच्या एका दुकानात, सॅकच्या विभागात, मी चौदा वर्षं हे काम करते. मूळची चिंचवडची. तिथल्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचं काम करत होते. नवऱ्याला गार्चिंगच्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून इकडे आलो. कारखान्यात गिअरची मापं घ्यायची, इथे पाठींची. गिअर वाद घालत नाहीत, एवढाच फरक.

पाठी मात्र घालतात. एक निवृत्त गणिताचे शिक्षक दर ऑक्टोबरात येत आणि पाठ मोजून घेत. एका वर्षी माप दीड सेंटिमीटरनी कमी भरलं. ते म्हणाले, तुमची टेप ताणली गेली असेल. मी म्हटलं, टेप ताणली की माप कमी येतं हे खरं, पण ही टेप मी गेल्या आठवड्यात स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिली आहे. ते बराच वेळ आरशात बघत राहिले. मग म्हणाले, "आल्झो, मग सॅकही दीड सेंटिमीटरने म्हातारी करा." मी पट्टा एक घर खाली घेतला.

गेर्लिंगेनहून एक मराठी इंजिनिअर आला होता, तेवीस सॅकांचा तक्ता घेऊन. रकाने चौदा. वजन, लिटर, कप्पे, कापडाची जाडी, सगळं. असा माणूस पाहिला की मला भरून येतं. तासभर आम्ही दोघं त्या तक्त्यावर बसलो. शेवटी मी वाळूच्या पिशव्या घालून प्रत्येक सॅक सात किलोची केली आणि त्याला दुकानातल्या उतारावर वरखाली चालायला लावलं. त्याने जी घेतली ती त्याच्या तक्त्यात नव्हतीच. कमरेचा पट्टा तिचाच नीट बसला. "ताई, हा रकाना राहिलाच," तो म्हणाला.

मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे, हे एवढ्यावरून कळलं असेल. पुढे जे सांगायचं आहे तेही आकड्यांचंच आहे, पण त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही.

आधी स्की-टूर म्हणजे काय ते सांगते. स्की म्हटलं की तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, हेच आपल्या डोळ्यांपुढे येतं. टूरमध्ये पाळणा नाही. स्कीच्या तळाला लव असलेली एक लांब पट्टी चिकटवतात. त्या लवेमुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. तशा स्कीवर चालत डोंगर चढायचा, माथ्यावर पट्ट्या काढून सॅकेत टाकायच्या आणि मग उतरायचं. चढायला तीन तास, उतरायला पाऊण. ओझं दोन्ही वेळा पाठीवर असतं, आणि चुकीचं भरलेलं ओझं उतरताना नेमकं वळणावर माणसाला ढकलतं. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून, हलक्या खाली आणि बाहेरच्या बाजूला, आणि बाहेर काहीही लोंबता कामा नये. दिवसभरासाठी तीस लिटरची सॅक पुरते. पन्नासची घेतली तर माणूस पन्नास भरतो.

या सॅकेला पुढच्या, म्हणजे पाठीपासून लांबच्या, बाजूला एक वेगळा कप्पा असतो. त्यात फक्त दोन वस्तू ठेवायच्या. एक सुटं होणारं फावडं आणि एक घडीची लांब सळई. तिसरी वस्तू अंगावर, जॅकेटच्या आत पट्ट्याने बांधलेलं एक यंत्र. बर्फाचा थर सुटून माणूस खाली गाडला गेला तर वरच्या माणसाचं यंत्र खालच्याचा ठाव सांगतं. तेही अंदाजे. सळई टोचून नेमकी जागा आणि खोली कळते, आणि फावड्याने त्याला बाहेर काढायचं असतं. मदत मागवून ती येईपर्यंत सहसा उशीर झालेला असतो. जे करायचं ते शेजारी असलेल्या माणसानेच, पहिल्या काही मिनिटांत.

आमच्या विभागाचा प्रमुख योर्ग तरुणपणी त्याच्या गावच्या बचाव पथकात होता. मी कामाला लागले त्या दिवशी त्याने मला एक वाक्य पाठ करायला लावलं. यंत्र, सळई, फावडं: ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या अंगावर, नेहमी. टूरची सॅक विकली की हे वाक्य म्हणायचं, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. मी ते शेकडो वेळा म्हटलं आहे. लोक मान डोलावतात, "जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो हो, बरोबर, म्हणतात आणि पट्टे आवळायला लागतात.

गार्चिंगला आमच्या शेजारच्या इमारतीत सायली आणि नचिकेत राहतात. दोघंही पस्तिशीची, सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजात असताना सह्याद्रीत भटकायचे, लग्नही त्यातूनच जमलं. मुलगी इरा चार वर्षांची. तिच्या जन्मानंतर सायलीची कंबर धरली ती धरलीच. चार वर्षं ती डोंगरावर गेली नव्हती. हवा स्वच्छ असली की आमच्या इथून आल्प्स दिसतो, आणि ती बाल्कनीत कपडे वाळत घालताना तिकडे पाठ करून उभी राहायची. हे तिने मला नंतर सांगितलं. या हिवाळ्यात फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली, पण पाठीवर सात किलोच्या वर काही नाही, या अटीवर. मग या दोघांनी आणि त्यांच्या ओळखीच्या एका जोडप्याने मिळून दोन दिवसांचा टूरचा वर्ग केला, आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी स्पित्सिंगच्या डोंगरांच्या बाजूला पहिली टूर ठरवली.

गुरुवारी संध्याकाळी दोघं दुकानात आली. सायलीची पाठ चव्वेचाळीस. तिसरी सॅक तिला अशी बसली की ती आरशासमोर उभीच राहिली. मग आम्ही ती खरोखरीची भरली. माझी पद्धत अशी की प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा आणि मगच आत टाकायची. एकोणीस वस्तू झाल्या, सॅकेसकट. बेरीज सात हजार आठशे दहा.

"आठशे दहा जास्त," मी म्हटलं.

"कुठून काढू, नीलाताई?"

"कुठूनही काढ. घरी जाऊन निवांत बघा दोघं. पण सात म्हणजे सात, सायली. सात दोनशे नाही."

नचिकेत म्हणाला, "ताई, ही मेथीचे पराठे काढणार नाही. त्यापेक्षा मला काढेल."

"तुला सॅकेत घातलंय कुणी," ती म्हणाली.

आम्ही हसलो. दुकान आठला बंद होतं आणि मला त्या दिवशी लवकरची यू-बान, इथली भुयारी रेल्वे, पकडायची होती, कारण सासूबाई चिंचवडहून आलेल्या आणि घरी एकट्या होत्या. तिघंही एकत्रच निघालो. गाडीत इराच्या किंडरगार्टनबद्दल बोललो, तिथे मिळणाऱ्या जेवणाबद्दल बोललो.

योर्गचं वाक्य मी म्हटलं नाही. मुद्दाम टाळलं असं नाही. ते मला जर्मनमध्ये पाठ होतं, काउंटरच्या मागे उभी राहून अनोळखी माणसाला सांगायचं म्हणून. मराठीत ते मी कधी उच्चारलंच नव्हतं. घरच्या माणसांशी घरच्या भाषेत गप्पा चालल्या होत्या आणि त्या गप्पांत त्याला कुठे जागाच झाली नाही. हे कारण आहे, सबब नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सायलीने फोटो पाठवला. काट्यावर सॅक आणि आकडा ६.९९. खाली लिहिलं होतं, "सातच्या आत! तुमचं प्रमाणपत्र हवं." मी अंगठा पाठवला. इतकंच नाही, तो फोटो मी नवऱ्यालाही दाखवला.

शनिवारी सकाळी दुकानाच्या दारातल्या पाटीवर त्या दिवसाचा हिमस्खलनाचा धोका लिहायचं काम माझं असतं. एक ते पाच अशा पायऱ्या असतात. त्या दिवशी झाडांच्या रेषेच्या वर तीन. तीन म्हणजे जाऊ नका असं नाही, पण डोळे उघडे ठेवा आणि चढ बघून जा. मी खडूने तीनचा आकडा काढला आणि कामाला लागले.

अकराच्या सुमाराला एक बाई फावडं बघत होत्या. वजन विचारलं. मी म्हटलं, पाचशे साठ. आणि ही सळई? दोनशे साठ. "मिळून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठशे वीस.

आणि म्हणता म्हणता थांबले. सात हजार आठशे दहामधून सहा हजार नऊशे नव्वद वजा केले की आठशे वीस उरतात. सायलीने काट्यावर आणलेला फरक नेमका तेवढाच होता, दहा ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

त्या बाईंना मी योर्गकडे पाठवलं आणि किमतीच्या चिठ्ठीच्या मागे सायलीच्या एकोणीस वस्तू लिहून काढल्या. आकडे मला तोंडपाठ होते. कोणत्या वस्तूंची बेरीज आठशे वीस होते ते बघू लागले. थर्मास एकटाच अकराशेच्या वर. पाण्याची जादा बाटली पाचशे तीस, तिच्याबरोबर दोनशे नव्वदचं काही हवं, तसं काही नव्हतं. मग पिसांचं जॅकेट चारशे वीस आणि वाऱ्याचं जॅकेट चारशे. आठशे वीस. मला जरा बरं वाटलं. दोन्ही जॅकेटं घरी ठेवणं हा मूर्खपणा आहे, पण त्याने माणूस कुडकुडतो, एवढंच. म्हणजे या गणिताला दोन उत्तरं होती, आणि कोणतं खरं ते कागदावर कळणार नव्हतं.

सायलीचा फोन बंद. नचिकेतचा बंद. बंद असणारच होते. फोन जवळ चालू असला की छातीवरच्या यंत्राला अडथळा होतो, टूरवर फोन बंद ठेवा, हे गुरुवारी मी त्यांना आवर्जून सांगितलं होतं. तेवढं मात्र बरं आठवलं होतं.

इरा त्या दिवशी आमच्याकडे होती. सकाळी सहाला नचिकेत तिला सोडून गेला, तेव्हा मी अंघोळीला गेले होते आणि दार सासूबाईंनी उघडलं होतं. मी घरी फोन लावला.

"आई, इरा काय करतेय?"

"खेळतेय. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये सांगते. भांडण व्हायला वावच नाही."

"सकाळी नचिकेत काही म्हणाला का हो?"

"म्हणाला ना. ते दुसरं जोडपं येत नाहीये, त्यांच्या मुलाला ताप आलाय. ही दोघंच गेली. आणि काय गं नीला, नवरा असावा तर असा. तिचं फावडं-बिवडं जड सगळं आपल्या पिशवीत घेतलंय म्हणाला, तिच्या कमरेला त्रास नको म्हणून. नाहीतर तुझे सासरे. लग्नानंतर पहिल्यांदा गावी निघालो तर ट्रंक माझ्याकडे आणि यांच्या हातात छत्री."

"फावडं म्हणाला? नक्की?"

"अगं, मीच विचारलं ना, बर्फात फावडं कशाला, वाफे करायचेत का. हसला. का गं? तुला हवं होतं का ते?"

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

बायकोच्या पाठीवरचं ओझं आपल्या पाठीवर घेणं ही चांगली गोष्ट आहे, असं आपल्यात कुणीही म्हणेल. सह्याद्रीत तसंच करतात. दोर एकाकडे, पातेलं एकाकडे, जो दमला त्याचं दुसऱ्याने घ्यायचं. मीही केलं आहे. इथे त्याचा अर्थ काय होतो बघा. सायली गाडली गेली तर नचिकेतकडे दोन फावडी, त्यातलं एक कामाचं. नचिकेत गाडला गेला तर दोन्ही फावडी, दोन्ही सळया त्याच्याबरोबर खाली. वर सायली, छातीवर नवरा कुठे आहे ते सांगणारं यंत्र आणि दोन हात. कोसळलेलं बर्फ थांबलं की घट्ट बसतं. हातांनी ते उकरता येत नाही.

आणि आता ती दोघंच होती.

योर्गला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण बेपत्ता आहे?"

"कुणी नाही."

"मग बचाव पथकाने कुणाला शोधायचं?" मग तो म्हणाला, "तू त्यांना वाक्य म्हणाली होतीस ना?"

मी चिठ्ठीकडे बघत राहिले. तो माझ्या हातातली टेप घेऊन गिऱ्हाइकाकडे गेला. योर्ग तसा वाईट माणूस नाही, पण त्याने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे साडेतीन तास मी धड एका जागी उभी राहिले नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी फोन लावत होते. आगगाडीचं वेळापत्रक काढलं. पुढची गाडी पकडून, पुढे बस करून मी पोचले असते तेव्हा ती दोघं खाली आलेली असती किंवा नसती, आणि मी गाड्या उभ्या करायच्या जागेत उभी राहिले असते. पायथ्याच्या गास्टहाउसचा, म्हणजे तिथल्या खानावळीचा, नंबर शोधून तिथे फोन केला. मालक म्हणाला, सकाळपासून चाळीसेक माणसं वर गेली आहेत, दोन भारतीय मला कसे आठवणार. चाळीस माणसं म्हणजे चाळीस फावडी, असा हिशोब मी करून पाहिला. मग लक्षात आलं की त्यांतली किती त्यांच्या जवळपास आहेत ते मला माहीत नाही, आणि कोण कुणाचं फावडं घेऊन चढलंय तेही माहीत नाही.

एका गिऱ्हाइकाची पाठ त्रेपन्न लिहिली. त्याने सॅक पाठीवर चढवली तर कमरेचा पट्टा मांडीवर. परत मोजली, अठ्ठेचाळीस. चौदा वर्षांत माझं माप पाच सेंटिमीटरनी चुकलं नव्हतं. मी गोदामात गेले, वाळूच्या पिशव्या रचल्या, परत बाहेर आले. सगळी फावडी वजनाप्रमाणे लावली. परत किमतीप्रमाणे लावली.

मनात सारखं एकच येत होतं. मी सायलीला सातचा आकडा दिला होता, आणि तो तिने पाळला होता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी सायलीचा संदेश आला. "खाली पोचलो. सगळं नीट." बरोबर माथ्यावरचा दोघांचा फोटो. मी उतारावर, गिऱ्हाइकं चालून बघतात तिथे, बसले. मग उत्तर लिहिलं, "छान." एवढंच. याची मला अजून लाज वाटते. माणूस सुखरूप परत आल्यावर पहिली इच्छा झाली ती आपली चूक झाकायची.

संध्याकाळी ती दोघं इराला न्यायला आली. नचिकेत सासूबाईंना उतरण कशी होती ते हातवारे करून दाखवत होता. सासूबाई त्याला आग्रहाने शिरा वाढत होत्या. सायली खाली बसून इराच्या बुटांच्या नाड्या बांधत होती.

"सॅक बसली ना नीट?" मी विचारलं.

"बसली," ती म्हणाली आणि वर बघितलं नाही.

रविवारी मी दोनदा त्यांच्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काय सांगायचं ते माहीत होतं, सुरुवात सुचत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी सहाला ती दोघंच दुकानात हजर. दोन्ही सॅका घेऊन, भरलेल्या. सायलीने आपली काउंटरवर ठेवली.

"नीलाताई, आमच्यात एक गोष्ट मिटत नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

"अगं, काही झालं नाही ना पण," नचिकेत म्हणाला.

"म्हणूनच आलेय. झालं असतं तर आले नसते."

मग तिने सांगितलं. झाडं संपल्यावर एक छोटा तिरपा चढ आडवा पार करायचा होता. वर्गात शिकवल्याप्रमाणे एकेकाने जायचं, मध्ये अंतर ठेवायचं. नचिकेत पुढे गेला. तो मध्यावर असताना तिने सॅकेचा पट्टा सैल करायला हात मागे नेला आणि तिला पुढचा रिकामा कप्पा हाताला लागला.

"तेव्हा कळलं," ती म्हणाली. "त्याच्या पाठीकडे बघत होते. त्या सॅकेत दोन्ही फावडी होती. ओरडले असते तर तो थांबला असता, आणि ती थांबायची जागा नव्हती. मग त्याची पावलं मोजत बसले. एकाहत्तर. नंतर मी गेले, तेव्हा काही वाटलं नाही. माझ्यासाठी त्याच्याकडे दोन होती."

"मला फक्त तिची कंबर दिसत होती, ताई," नचिकेत म्हणाला.

मी म्हटलं, "शनिवारी अकरा वाजता मला कळलं होतं. तुमच्या फोटोतल्या आकड्यावरून. सतरा वेळा फोन लावला. आणि गुरुवारी मी तुम्हाला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. कुठूनही काढ म्हणाले मी."

"फावडं काढ असं नाही म्हणालात."

"फावडं काढू नकोस असंही नाही म्हणाले. ते म्हणायचाच पगार मिळतो मला."

मला वाटलं, सायली आता रागावेल, आणि मी त्याची वाटच बघत होते. पण तिने सॅकेची चेन उघडली आणि वस्तू काट्याशेजारी मांडायला लागली.

मी ते वाक्य मराठीत म्हटलं. यंत्र, सळई, फावडं: ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या अंगावर, नेहमी. पहिल्यांदा म्हणत असल्यामुळे मधेच अडखळले. मग आम्ही आठशे दहा ग्रॅम शोधले. पाणी वाटून घेता येतं, खाणं वाटून घेता येतं. जादा बाटली पाचशे तीस, ती नचिकेतकडे. निम्मे पराठे, दोनशे ऐंशी, तेही त्याच्याकडे. काट्यावर बरोबर सात हजार. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. गुरुवारी मी त्या पाच मिनिटांत यू-बानच्या फलाटावर उभी होते.

"आता बाहेर काढून दाखव," मी म्हटलं. "सॅक पाठीवरून उतरव, सळई उघड, फावडं जोड. मी वेळ लावते."

योर्ग तंबूंच्या बाजूने येऊन उभा राहिला होता. भाषा त्याला कळत नव्हती, पण प्रकार कळला. त्याने नचिकेतला गालिच्यावर झोपायला खुणावलं. नचिकेत हसत आडवा झाला. योर्गने फळीवरून तीन स्लीपिंग बॅगा उलगडून त्याच्यावर टाकल्या, आणि त्याचं हसणं ऐकू येईनासं झालं. दोन-तीन गिऱ्हाइकं बघायला थांबली.

पहिल्या वेळी सायलीला एक मिनिट बावन्न सेकंद लागले. फावड्याच्या दांड्याला कंपनीची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या दोऱ्याने तशीच बांधलेली होती, नवं आहे म्हणून काढली नव्हती. दांडा आत जाईना. मी कात्री दिली. दुसऱ्या वेळी एक मिनिट सहा. तिसऱ्या वेळी सळईचे सगळे तुकडे एका झटक्यात सरळ झाले, एकोणपन्नास.

"उठू का?" खालून आवाज आला.

सायलीने फावडं सुटं केलं, सळईची घडी घातली, दोन्ही कप्प्यात ठेवून चेन लावली आणि सॅक पाठीवर चढवली. माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ शून्यावर आणलं.

"नको," ती म्हणाली. "पडून राहा."